काचेसमोरचा बाक

तुम्ही आजवर काय काय बांधलं, असं धर्मपालला कुणी विचारलं तर तो दोन पूल आणि एक शाळा सांगतो आणि गप्प बसतो. दवाखान्यातला वॉर्ड तो सांगत नाही. एके काळी आधी वॉर्डच सांगायचा, तोही कुणी न विचारता.

कापसाचे ते वाईट दिवस होते. फवारणीचं औषध अळीपेक्षा माणसांच्याच पोटात जास्त जातं, असं रोज पेपरात येत होतं, आणि मुंबई-दिल्लीहून पाहणी पथकांच्या गाड्या यवतमाळ जिल्ह्यात धुरळा उडवत फिरत होत्या. मग वरून हुकूम आला की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या दुखण्याचा वेगळा वॉर्ड करा, आणि पुढचं पथक यायच्या आत करा. काम बांधकाम खात्यातल्या धर्मपालकडे आलं. पैसा बेताचा, नर्स एकच मिळणार, आणि वॉर्डात कुणी जिवाचं बरंवाईट करून घेता कामा नये, एवढं साहेबांनी बजावून ठेवलं होतं. धर्मपालने या सगळ्यावर एकच उतारा काढला, तो म्हणजे काच.

जुन्या इमारतीचा एक रुंद व्हरांडा होता. त्याच्या आणि बायकांच्या वॉर्डाच्या मधली भिंत त्याने कमरेपासून वर पाडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड काच बसवली. व्हरांड्यात टेबल टाकून बसलेल्या नर्सला मान न वळवता सगळ्या खाटा दिसत. पडदा नाही, कारण कापड म्हणजे फास. खिळा नाही, खुंटी नाही. लुगडी-साड्यासुद्धा काढून घेऊन बायकांना दवाखान्याचे झगे दिले. औषधं द्यायला काचेत एक हातभर झरोका ठेवला. त्याच व्हरांड्यातून एक्स-रेच्या खोलीकडे वाट जात होती आणि तिथं नेहमी रांग असे, म्हणून लोकांची सोय व्हावी असा विचार करून त्याने बाहेरच्या भिंतीला लागून सिमेंटचा लांबलचक बाक करून दिला. बाकाचं तोंड अर्थातच काचेकडे आलं. पेशंटच्या नातेवाइकांसाठी मात्र आत जागा उरली नाही. ते आवारातल्या निंबाखाली बसत.

उद्घाटनाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "धर्मपाल, एका नजरेत वॉर्ड." हे वाक्य त्याने घरी सांगितलं, सासुरवाडीला सांगितलं, कॉलनीत सांगितलं. आतून बाहेर काय दिसतं, हा प्रश्न त्याला एकदाही पडला नाही. नकाशा वरून काढतात. खाटेवर पडलेल्या माणसाला कोण कोण बघतं, हे त्यात काढायची रीत नाही.

जया ही धर्मपालची मोठी बहीण, राळेगावकडच्या एका खेड्यात दिलेली. नवरा राजदीप गाडीत कापूस भरून दिग्रसच्या जिनिंगला पोचवायचा. मनाने चांगला, पण आईपुढे मुका. वेचणीला जया आणि शेजारची गंगी ही जोडी ठरलेली. दोघींचे तास, म्हणजे कपाशीच्या ओळी, एकमेकीला लागून, एकीची ओटी भरली की दुसरीने मोकळी करायची. एका दुपारी गंगी पाणी पिऊन येते म्हणाली आणि परत आली नाही. शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी ती पडलेली आणि शेजारी औषधाचा रिकामा डबा, हे पहिल्यांदा पाहिलं ते जयाने. त्या दिवसापासून तिची झोप उडाली, मग बोलणं बंद झालं, मग ती विहिरीच्या काठावर जाऊन बसायला लागली.

राजदीपने फोन केला तेव्हा धर्मपाल लगेच म्हणाला की घेऊन या, तो वॉर्ड मीच बांधला आहे, डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. इथवर ठीक होतं. मग त्याने आवाज खाली घेतला.

"फक्त तिथं माझं नाव नका सांगू, भाऊजी. ऑफिसचं काम असते, समजून घ्या."

राजदीप बरं म्हणाला. ऑफिसच्या कामाचा आणि बहिणीच्या दुखण्याचा काय संबंध, हे त्याने विचारलं नाही, आणि न विचारता त्याला कळलं. धर्मपाल घराण्यातला पहिला इंजिनिअर. कॉलनीत नुकतंच बस्तान बसलेलं. खाली पडलेला माणूस वर आला की लोक त्याच्या पायाखाली काय आहे ते वाकून वाकून बघतात, हे खरंच आहे. पण लोकांनी अजून काही पाहिलंही नव्हतं. त्याच्या आधीच हा लाजून मोकळा झाला होता. बायको प्रियंका रोज डबा करून निंबाखाली राजदीपच्या हातात देऊन यायची आणि घरी येऊन म्हणायची की बहीण तुमची आणि डबा चोरून पोचवायचा, ही कुठली रीत. त्यावर धर्मपाल पेपर वाचायचा.

आणि पथक आलं. मुंबईच्या एक बाई, त्यांच्यासोबत चारदोन अधिकारी, मोठे साहेब, वॉर्डच्या डॉक्टर गौरी, आणि माहिती सांगायला धर्मपाल. बाकावरच्या लोकांना उठवलं. एवढी गर्दी काचेसमोर आलेली पाहून आतल्या बायका पाठमोऱ्या झाल्या. तोंडावर ओढायला पदर नव्हता, म्हणून कुणी कोपर आडवं धरलं, कुणी उशीत तोंड घातलं. एक बाई मात्र खाटेवरून उठून काचेकडे आली. केस विंचरलेले होते, झग्याच्या बाह्या नीट खाली केलेल्या होत्या. तिने धर्मपालकडे पाहिलं, हसल्यासारखं केलं आणि हात वर केला.

"ओळखतात वाटतं तुम्हाला?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

साहेब बघत होते. सगळेच बघत होते.

"नाही मॅडम," धर्मपाल म्हणाला. "त्या सगळ्यांनाच हात करतात."

बाई अरेरे म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. जयाचा हात जरा वेळ तसाच राहिला. एसटी न थांबता निघून गेली की फाट्यावरचा माणूस आपला वर केलेला हात डोक्यावरून फिरवून हळूच खाली घेतो, तसा तिने तो खाली घेतला. धर्मपाल काचेची जाडी किती आहे ते सांगत पुढे गेला. आवाज त्याचाच होता, शब्दही बरोबर येत होते. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, पण एवढ्याने काय होतं? जेवण न जाणं ही काही भरपाई नव्हे.

पुढच्या आठवड्यात राजदीप थेट ऑफिसात आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना. धर्मपालच उठून बाहेर गेला. राजदीपने तुटक तुटक सांगितलं ते असं, की जया त्या दिवसापासून खाटेखाली जाऊन पडली आहे. नर्स ओढून काढते, ही पुन्हा आत जाते. ताट आलं तसं परत जातं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी दोन दिवसांत खाल्लं नाही तर नागपूरच्या मोठ्या मनोरुग्णालयात पाठवावं लागेल.

"अन् माय म्हणते, नागपूरले गेलेली बाई मी घरात घेणार नाई," राजदीप म्हणाला. "मी काय करू, भाऊ? तुमी सांगा."

धर्मपालने उद्या येतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी एक पथक यायचं होतं आणि त्याला तिथं हजर राहायचंच होतं. म्हणजे बहिणीसाठी जातानासुद्धा त्याला सरकारी निमित्त मिळालं, आणि ते मिळालं म्हणून त्याला बरं वाटलं. या बरं वाटण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

तो सकाळीच गेला. वॉर्डात शिरायचं धाडस होईना, म्हणून व्हरांड्यात आपणच बांधलेल्या बाकावर एक्स-रेच्या रांगेतल्या लोकांत बसला. शेजारी एक माणूस शेंगदाणे सोलत काचेकडे पाहत होता. धर्मपाल बसला तसे त्याने चार दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"त्या तिसऱ्या खाटेखाली एक हाये," तो माणूस जिव्हाळ्याने म्हणाला. "कवा कवा पाय दिसतेत. थांबा जरासे."

बोलण्यात वाईट काही नव्हतं. जत्रेत तमाशा पाहायला आलेल्याला पुढे सरकून जागा द्यावी, एवढाच त्याचा हेतू. धर्मपाल दाणे मुठीत धरून पाहत राहिला. एक बाई भिंतीकडे तोंड करून जेवत होती आणि डाव्या हाताने ताट झाकत होती. पलीकडे रुपीबाई नावाची म्हातारी पाठ खाजवायला हात मागे नेई, बाकाकडे पाही आणि हात तसाच पुढे आणी. एका लहान पोरीने काचेला नाक लावलं, तशी आतली तरणी बाई उठून दुसऱ्या खाटेवर गेली, पण तिथूनही ती तेवढीच दिसत होती. कुठेही गेली असती तरी तेवढीच दिसली असती. धर्मपालने त्याची खात्री करूनच नकाशा काढला होता.

फक्त तिसऱ्या खाटेखालचं दिसत नव्हतं. तिथं जुन्या भिंतीचा एक खांब मधे येत होता. पाडायचा होता, पण वरचं छत त्यावर होतं म्हणून ठेवावा लागला. सबंध वॉर्डात लपायला एवढाच एक आडोसा उरला होता, आणि तोही त्याच्या मनात नसताना. जया वेड लागून खाटेखाली गेलेली नव्हती. लाज वाटणारं कुठलंही शहाणं माणूस जिथं जाईल तिथंच ती गेली होती.

तो उठून डॉक्टर गौरींच्या खोलीत गेला. त्या यवतमाळच्या, घरात पिढ्यान्‌पिढ्या वकिली, बोलणं हळू आणि नेमकं. त्याने पडद्याचा विषय काढला. त्या थकल्यासारख्या हसल्या.

"पडदा मी मागितला होता. निरीक्षणाला अडथळा येतो म्हणून तुम्हीच नाही म्हणालात."

ते त्याला आठवलं. आठवायला फार लांब जावं लागलं नाही. मग त्याने तिसऱ्या खाटेच्या पेशंटबद्दल विचारलं. गौरीबाई सांगू लागल्या की खरं तर ती सुधारत होती. पथक यायचं त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा आपण होऊन बोलली. कंगवा मागून घेतला. आज भाऊ येणार आहे, असं नवऱ्याने सांगितलं म्हणाली.

"तो काही आला नाही बहुतेक," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून बिघडलं."

धर्मपालच्या मुठीत शेंगदाण्यांना घाम फुटला होता. पळायचं असतं तर अजून पळता आलं असतं. गौरीबाईंना काहीच माहीत नव्हतं.

"आला होता," तो म्हणाला. "मीच तो. माझी मोठी बहीण आहे ती."

गौरीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्या काचेसमोर त्याच्या शेजारीच उभ्या होत्या, आणि त्यांनी ते वाक्य ऐकलं होतं. त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या उठल्या आणि त्याला वॉर्डाच्या दाराशी घेऊन गेल्या.

आत शिरल्यावर धर्मपालला आधी जाणवली ती काच. बाकावरचे सगळे डोळे एकदम त्याच्यावर आले. तो खाटेजवळ उकिडवा बसला आणि ताई म्हणून हाक मारली. खालून जयाचा आवाज आला, बसका, पण अगदी स्पष्ट.

"मी सगळ्याइले हात नाई करत, धरम."

झरोका. औषधासाठी ठेवलेल्या त्या झरोक्यातून व्हरांड्यातलं सगळं आत ऐकू येत होतं. बाकावर कोण काय बोलतं, कोण कुणाला नाव ठेवतं, सगळं. धर्मपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगायला कारणं पुष्कळ होती आणि एकही तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माह्यं, ताई."

"व्हय," ती म्हणाली. समजूत काढणारं पुढे काही नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "लोकं पाहून राह्यले का?"

"हो."

"मंग आड धर. मले भूक लागली."

आड धरणं म्हणजे काय, हे धर्मपालला कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्या खेड्यातल्या एका खोलीच्या घराला न्हाणी नव्हती. आई घरामागे आंघोळीला बसली की जया लुगडं ताणून उभी राहायची. धर्मपाल दहावीला होता तेव्हा तेच लुगडं त्या खोलीच्या कोपऱ्यात धरायची, आणि बसायला आलेल्या बायांना सांगायची की तिकडे पाहू नका, पोरगं वाचून राह्यलं. तो जे काही शिकला, ते बहिणीने धरलेल्या आडामागे बसून शिकला. आणि इंजिनिअर झाल्यावर त्याने काच बसवली.

त्याने खाटेवरची चादर घेतली, दोन्ही हात लांब करून काचेसमोर ताणली आणि वळून खाटेकडे पाहिलं. जया कोपरांवर सरकत बाहेर येत होती. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, "तिकडं तोंड कर."

तोही नियमच होता. आड धरणाऱ्याने पाठ आत करायची आणि तोंड लोकांकडे. बघणाऱ्यांच्या नजरा त्याने झेलायच्या. धर्मपालने काचेकडे तोंड केलं. मागे ताट सरकल्याचा आवाज झाला. गौरीबाई जयाजवळ जमिनीवरच बसल्या. निरीक्षण करायचं ते असंही करता येत होतं, हातभर अंतरावरून. जया खात होती. थांबत थांबत, पण खात होती. बऱ्याच वेळाने गौरीबाईंचा आवाज आला, की नागपूरचं सध्या राहू द्या.

त्याच्या खांद्यांना रग लागली होती. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला गडबड झाली आणि बाकावरचे लोक उठायला लागले. पथक ठरल्या वेळेच्या आधीच आलं होतं.

"तुम्हाला बाहेर जायचं असेल तर जा," गौरीबाई हळूच म्हणाल्या. "नर्स धरेल चादर."

मागे घास चावायचा आवाज थांबला होता. जया वाट पाहत होती. याला लगेच नाही म्हणता आलं असतं तर ही गोष्ट बरी झाली असती. पण त्याने आधी व्हरांड्याकडे पाहिलं, साहेबांचा पांढरा शर्ट दिसला, आपली रिकामी जागा दिसली, तिथं उभं राहून बोलायची वाक्यंसुद्धा आठवली. आणि मग तो म्हणाला, "राहू द्या. मीच धरतो."

पथक काचेसमोर आलं. मोठे साहेब, ओळखीचे दोन अधिकारी, अनोळखी चारपाच जण. एका नजरेत वॉर्ड दिसायचा तिथं मधोमध चादर, आणि चादरीच्या वर बांधकाम खात्याच्या इंजिनिअरचं घामेजलेलं तोंड. आतून बाहेर काय दिसतं ते धर्मपालला आता पहिल्यांदा दिसलं. दोन हातांच्या अंतरावरून लोक टक लावून बघत होते, आणि आपण त्यांच्याकडे बघतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

झरोक्यातून आवाज आत आला. पाहुण्यांपैकी कुणी तरी विचारत होतं, "बायकांच्या वॉर्डात हे गृहस्थ कोण? पेशंट आहेत का?"

मोठ्या साहेबांनी धर्मपालकडे पाहिलं. त्यांना तो चांगला दिसला. उद्घाटनाला याच व्हरांड्यात त्याच्या पाठीवर मारलेली थाप काही फार जुनी नव्हती. धर्मपालला वाटलं, निदान मान हलवावी, ओळख द्यावी. हात तर दोन्ही गुंतलेले होते. साहेबांनी नजर काढून घेतली.

"माहीत नाही. पेशंटचा कुणी माणूस असेल," ते म्हणाले. "चला, एक्स-रे इकडे आहे."

धर्मपालला राग आला नाही. राग यायला तोंड कुठे होतं? पावलं लांब गेली, बाक पुन्हा भरला. शेंगदाणेवाला आपल्या जागी बसला, त्याने वर पाहिलं, धर्मपालला ओळखलं आणि दाणे सोलायचे थांबवून त्याच्याकडे बघत राहिला.

"गेले का?" मागून जयाने विचारलं.

"गेले, ताई."

"मंग हात खाली नको करू. भाकर राह्यली अजून."

त्याने चादर जराशी आणखी वर धरली.